चांदवडचा दत्तू आणि दोन हजार मीटर पाणी

आम्हा वसई-विरारकरांना तिन्ही बाजूंनी पाणी. दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणा, पश्चिमेला समुद्र. पाचूबंदर, किल्लाबंदर, नायगाव, अर्नाळा इथल्या पोरांना होडीचं नवल नाही. पाणजू बेटावरच्या लोकांनी तर पिढ्यान्‌पिढ्या लोकल गाठायच्या आधी होडी गाठली आहे. आणि महाराष्ट्रातून रिओ ऑलिंपिकला होडी वल्हवायला गेला कोण, तर नाशिक जिल्ह्याच्या चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू बबन भोकनळ. मुंबई-आग्रा रस्त्यानं उन्हाळ्यात चांदवड ओलांडलंय त्यांना हा भाग ठाऊक असेल. कांद्याची शेतं, उघडे डोंगर आणि टँकरची वाट पाहत मांडलेली पिंपं. या तालुक्यात पाणी दिसतं ते विहिरीच्या तळाशी, आणि दत्तूचं पाण्याशी पहिलं नातंही तिथलंच. वडिलांबरोबर तो विहिरी खणायला जायचा.

ही विसंगती गेली काही वर्षं माझ्या डोक्यातून जात नाही. होड्यांचं वेड मला लहानपणापासूनचं. भाईंदरच्या पुलावरून गाडी जाताना मी अजूनही दाराशी उभा राहतो, खाली कुणी वल्हवताना दिसतंय का ते बघायला. मित्रमंडळी कंटाळलीत, तेव्हा आता दिवाळी अंकाच्या वाचकांची पाळी.

दत्तूचा जन्म 5 एप्रिल 1991 चा. विहिरी, दगडफोड, बांधकाम, लग्नात वाढपी, पेट्रोलपंप अशी मिळतील ती कामं त्यानं केली. 2011 मध्ये वडील गेले आणि घर त्याच्यावर आलं. 2012 मध्ये तो फौजेत लागला, पुण्यात खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये. सहा फुटांहून उंच, हात लांब, कमरेला कष्टाची सवय. कुद्रत अली या प्रशिक्षकांच्या नजरेत तो भरला आणि दापोडीच्या सीएमईतल्या, म्हणजे कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंगमधल्या, आर्मी रोइंग नोडमध्ये दाखल झाला. सुरुवातीला त्याला पाण्याची भीती वाटायची! 2015 मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत रौप्य, एप्रिल 2016 मध्ये कोरियातल्या चुंगजूला पात्रता शर्यतीत दुसरा, म्हणजे रिओचं तिकीट. त्या सुमारास त्याची आई अपघातातल्या डोक्याच्या दुखापतीनं अंथरुणाला खिळली होती. मुलगा ऑलिंपिकला निघालाय हे तिला समजण्याच्या पलीकडचं होतं.

आता माझ्या आवडीच्या गोष्टीकडे येतो. दत्तूचं नाव काढलं की हमखास विचारतात, 'म्हणजे कयाक ना?' नाही. कयाकवाला पुढं तोंड करून बसतो, त्याच्या हातात दोन्ही टोकांना पातं असलेलं एकच वल्हं असतं आणि ते होडीला कुठंही जोडलेलं नसतं. त्याची शर्यत 200, 500 किंवा 1000 मीटरची, खरोखरची धाव. न्यूझीलंडच्या लिसा कॅरिंग्टननं लंडन ते पॅरिस या चार ऑलिंपिकांत त्यात आठ सुवर्णपदकं मिळवली. दत्तूचा प्रकार सिंगल स्कल्स. यात दोन वल्ही, दोन्ही आकड्यांत अडकवलेली, आणि माणूस पाठमोरा, जिथं जायचंय तिकडं पाठ करून बसलेला. अंतर दोन हजार मीटर.

ही होडी जवळून पाहिली की माणूस चक्रावतो. आठ मीटरच्या आसपास लांब, पाण्याला टेकते तिथं जेमतेम फूटभर रुंद आणि वजनाची किमान मर्यादा 14 किलो. तांदळाचं मोठं पोतं हिच्यापेक्षा जड. वल्ही हातातून सुटली तर ती क्षणात उलटते, कारण तिचा तोल वल्ह्यांवरच असतो. बैठकीला चार छोटी चाकं असतात, ती दोन रुळांवर पुढं-मागं सरकते. पायांतले बूट होडीला पक्के बसवलेले. पाय लांब केले की बैठक मागं सरकते, मग पाठ उघडते, हात सगळ्यात शेवटी ओढतात. लोकांना वाटतं हा दंडांचा खेळ. निम्म्याहून जास्त जोर मांड्यांचा असतो. पातं पाण्याबाहेर आलं की मनगटाच्या हलक्या वळणानं ते आडवं होतं, म्हणजे वारा कापतं, आणि पुन्हा पाण्यात शिरण्याआधी उभं होतं. सात मिनिटांच्या शर्यतीत हे सगळं सव्वादोनशे-अडीचशे वेळा करायचं. सुरुवातीला मिनिटाला चाळीसच्या वर वल्ही पडतात, मग लय चौतीस-छत्तीसवर येते. जीव काढतात ते तिसरे पाचशे मीटर. सुरुवातीचा जोश संपलेला असतो आणि शेवटची रेषा अजून लांब. एका व्यायामशाळेत अर्गोमीटरवर, म्हणजे जमिनीवरच्या वल्हवण्याच्या यंत्रावर, मी एकदा बसलो होतो. पाचशे मीटरनंतर बोलताही येईना. हे गडी त्याच्या चौपट जातात.

रिओची शर्यत रोद्रिगो द फ्रेतास सरोवरावर होती, मागं डोंगरावर येशूचा तो प्रसिद्ध पुतळा. पहिल्याच दिवशी, 6 ऑगस्टला, वाऱ्यानं इतक्या लाटा उठल्या की सर्बियाची जोडी उलटली. दुसऱ्या दिवशीच्या शर्यती तर रद्दच झाल्या. पहिल्या दिवशीच्या त्या खवळलेल्या पाण्यात दत्तू प्राथमिक फेरीत तिसरा आला, वेळ 7 मिनिटं 21.67 सेकंद. उपांत्यपूर्व फेरीत 6:59.89. तिथं चौथा आल्यानं पदकाचा रस्ता बंद झाला, पण क्रमांकासाठीच्या क गटातल्या अंतिम शर्यतीत तो पहिला आला, 6:54.96. बत्तीस जणांत तेरावा. पहिल्या आणि शेवटच्या वेळेतल्या फरकावरून हुरळू नये. या खेळात पाणी रोज वेगळं असतं, म्हणून तिथं विश्वविक्रम म्हणत नाहीत, 'सर्वोत्तम वेळ' म्हणतात. त्याच स्पर्धेत न्यूझीलंडचा ड्रायस्डेल आणि क्रोएशियाचा मार्टिन यांची वेळ अगदी सारखी भरली, 6:41.34, आणि सुवर्ण फोटो पाहून ठरलं. माझ्या मते तो तेरावा क्रमांक आपल्याकडच्या अनेक पदकांपेक्षा मोठा आहे, कारण फौजेत लागेपर्यंत त्याचा या खेळाशी संबंधच नव्हता, आणि फौजेला तेव्हा चारच वर्षं झाली होती.

पुढचं भराभर सांगतो. 2018 च्या आशियाई खेळांत पालेमबांगला एकेरीच्या अंतिम शर्यतीत प्रकृतीनं दगा दिला, शेवटचा आला. दुसऱ्याच दिवशी, 24 ऑगस्टला, सवर्ण सिंग, ओमप्रकाश आणि सुखमीत सिंग यांच्यासोबत चौघांच्या होडीत सुवर्णपदक. 2019 मध्ये भारतीय रोइंग महासंघानं त्याच एकेरीच्या शर्यतीवरून दोन वर्षांची बंदी घातली, जानेवारी 2020 मध्ये ती उठवली, आणि 2020 चाच अर्जुन पुरस्कार त्याला मिळाला. आजारी माणसानं दुसऱ्या दिवशी सुवर्ण आणलं, तेवढं मला पुरे आहे.

कोरड्या मुलखाचा दत्तू काही एकटा नाही. 2010 च्या आशियाई खेळांत नौकानयनातलं भारताचं पहिलं सुवर्ण जिंकणारा बजरंगलाल ताखर राजस्थानातल्या सीकरचा. सवर्ण सिंग पंजाबातल्या मानसाचा. पॅरिसला गेलेला बलराज पनवार हरियाणातल्या कर्नालचा. सगळे फौजी. म्हणजे होडीवाला पाण्याकाठी जन्मावा लागत नाही. त्याला लागतं सरळ, थोपवलेलं पाणी, होडी, प्रशिक्षक आणि महिन्याचा पगार. आमच्या खाडीला भरती-ओहोटी, उधाणाला तर ओढ विचारू नका. शर्यतीला दोन किलोमीटरच्या सरळ रेषेत, साडेतेरा मीटर रुंदीच्या सहा पट्ट्या हव्यात. ते पाणी पुण्यात आहे, वसईत नाही. पुण्यात सीओईपी या अभियांत्रिकी शिक्षणसंस्थेच्या विद्यार्थ्यांचा बोट क्लब मुळा नदीवर आहे आणि त्यांची रेगाटा, म्हणजे होड्यांचा सोहळा, 1928 पासूनची. मी ती पाहायला गेलो होतो. संध्याकाळी कयाकची पोरं-पोरी रांगेत वळणं घेत नाचल्यासारखी कवायत करतात. नदीच्या वासाकडे दुर्लक्ष करून जरूर पाहावी अशी.

आपल्याकडं सहा पट्ट्यांचं पाणी उद्या होणार नाही, हे मला कळतं. पण अर्गोमीटर एका वर्गखोलीत मावतो, आणि जगभर निवड आधी त्याच यंत्रावर होते. वसई-विरारमधल्या एखाद्या शाळेनं तो घ्यावा, पाणजू-नायगाव-अर्नाळ्याच्या मुलामुलींना त्यावर बसवावं आणि ज्यांची वेळ चांगली भरेल त्यांना पुण्याला पाठवावं. कुणी पुढाकार घेणार असेल तर पहिली वर्गणी माझी.