तपकिरी ढिगातली गुलाबी चिमूट

ऑस्ट्रेलियाच्या वायव्येला, किंबर्लीच्या रखरखीत मुलखात १९७९ साली अर्गाइलचे हिरे सापडले. १९८३ला उपसा सुरू झाला, नोव्हेंबर २०२०मध्ये खाण बंद पडली. एवढ्या काळात तिथून सुमारे ८६.५ कोटी कॅरेट कच्चा माल निघाला. त्यातला गुलाबी हिरा शेकड्याला एकही भरत नव्हता. तरीही जगातल्या गुलाबी हिऱ्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक याच एका खाणीचे. त्याआधी गुलाबी हिरा म्हणजे राजेरजवाड्यांची मत्ता. गोवळकोंड्याचा दर्या-ए-नूर नादिरशहाने १७३९मध्ये दिल्लीहून नेला, तो आजही इराणच्या खजिन्यात आहे.

निळ्या हिऱ्याला रंग बोरॉन देतो, पिवळ्याला नायट्रोजन. गुलाबीचा रंग सहसा असल्या भेसळीचा नसतो. भूगर्भातल्या प्रचंड दाबाने स्फटिकाची जाळी सरकते, वाकते आणि रंग येतो. असा हिरा भिंगाखाली धरला तर कित्येकदा रंग सगळीकडे सारखा नसतो, बारीक समांतर रेघांमध्ये साचलेला दिसतो. गंमत म्हणजे अर्गाइलचे तपकिरी हिरेही अशाच पिळवटण्यातून झालेले. दोघे सख्खे भाऊ, पण एकाला पालखी आणि दुसऱ्याला पायपीट!

कारण खाणीतला बहुतेक माल तपकिरी आणि बारीक. दागिन्यांच्या बाजारात त्याला कुत्रं विचारत नव्हतं. तो वर काढला सुरतेने. इतके बारके खडे घासणे इतरत्र परवडत नसे. तिथल्या ‘घंट्यां’वर, म्हणजे हिरे घासायच्या चाकांवर, स्वस्त मजुरीत, ते जमले. मग त्याच तपकिरी रंगाला ‘शॅम्पेन’ आणि ‘कोन्याक’ ही नावे चिकटली, सी-१ ते सी-७ अशी प्रतवारीही आली. गुलाबीचा थाट वेगळा. १९८४पासून दरवर्षी मोजके निवडक खडे निमंत्रित व्यापाऱ्यांना दाखवले जात आणि बंद पाकिटात बोली मागवली जाई. दुर्मिळतेचा दबदबा या रिवाजानेही वाढवला. मात्र गुलाबी चिमटीपायी एवढा डोंगर कोणी उपसला नसता. माझ्या मते, त्या दिमाखाचे निम्मे श्रेय सुरतेच्या कारागिरांचे आहे.

आता खाण बंद, भाव चढे आणि रंग चढवलेले हिरे मुबलक. किरणोत्सर्गाने किंवा उष्णता आणि दाब देऊन रंग आणता येतो, प्रयोगशाळेत गुलाबी हिरा घडवताही येतो. म्हणून सराफाकडे रंगीत हिरा पाहाल तेव्हा वजन आणि भाव विचारण्याआधी प्रमाणपत्र मागा. हिरा नैसर्गिक आहे का आणि रंगही नैसर्गिक आहे का, या दोन्ही नोंदी त्यावर वेगवेगळ्या तपासा.