आयईएल्टीएसच्या संभाषण चाचणीची तयारी

आयईएल्टीएस या इंग्रजी भाषाप्रावीण्य परीक्षेतील संभाषण चाचणी 11 ते 14 मिनिटांची असून तिचे परिचयात्मक प्रश्न, दिलेल्या विषयावर सलग बोलणे आणि त्याच विषयाशी निगडित सखोल चर्चा असे तीन भाग असतात. दुसऱ्या भागात विषय व त्याचे मुद्दे छापलेले कार्ड हाती आल्यावर टिपणे काढण्यास 1 मिनिट मिळते आणि त्यानंतर 1 ते 2 मिनिटे बोलावे लागते. ओघ व सुसंगती, शब्दसंपदा, व्याकरण आणि उच्चार या चारही निकषांना समान भार असल्यामुळे, तसेच पाठ केलेले उत्तर प्रशिक्षित परीक्षकाच्या सहज लक्षात येत असल्यामुळे, उत्तरे घोकण्याऐवजी मोजक्या मुद्द्यांवरून, कारणे व उदाहरणे देत, घड्याळ लावून मोठ्याने बोलण्याचा सराव करणेच हितावह ठरते.