न दिसणाऱ्या अणुकेंद्राचा आकार सांगणारी ‘गोशा’

नवी दिल्ली : अणुकेंद्राचा आकार कोणत्याही सूक्ष्मदर्शकातून दिसत नाही. तरीही काही अणुकेंद्रे गोल असतात, काही विटीसारखी लांबट, काही पेढ्यासारखी चपटी, तर मोजकी नासपतीच्या आकाराची असतात, असे भौतिकशास्त्रज्ञ खात्रीने सांगतात. या निष्कर्षांमागे त्वरकांवरील प्रयोग असतात आणि त्या प्रयोगांइतकाच मोठा वाटा संगणकीय आकडेमोडीचा असतो. या क्षेत्रात गेली चार दशके वापरली जाणारी प्रमुख संगणकप्रणाली म्हणजे ‘गोशा’.

स्पर्श न करता दिलेला धक्का

ज्या प्रयोगांसाठी ही प्रणाली तयार झाली, त्यांना ‘कूलॉम उत्तेजन’ म्हणतात. त्यात त्वरकातून निघालेला जड आयनांचा झोत पातळ धातूच्या लक्ष्यावर सोडला जातो. झोतातील आणि लक्ष्यातील अणुकेंद्रे दोन्ही धनभारित असल्याने ती एकमेकांना दूर लोटतात. झोताची ऊर्जा मर्यादित ठेवली, तर ती परस्परांना भिडत नाहीत. केवळ जवळून जातानाच्या विद्युत बलामुळे अणुकेंद्र वरच्या ऊर्जापातळीवर जाते. बहुधा काही पिकोसेकंदांतच ते गॅमा किरण उत्सर्जित करून खाली येते आणि हे किरण भोवतीचे डिटेक्टर टिपतात.

या पद्धतीचे बळ तिच्या स्वच्छतेत आहे. अणुकेंद्रातील प्रबळ बलाचे गणित आजही अवघड आहे, विद्युत बलाचे नियम मात्र नेमके ठाऊक आहेत. म्हणूनच दोन अणुकेंद्रांच्या पृष्ठभागांत किमान ५ फेम्टोमीटर अंतर राखण्याचा दंडक पाळला जातो. एका मीटरचे एकावर पंधरा शून्ये इतके भाग केले, तर त्यातील एक भाग म्हणजे एक फेम्टोमीटर.

गणिताची गरज का भासते?

अणुकेंद्र प्रत्येक वेळी एकाच उडीत वर जात नाही. जड झोत वापरला की ते पायरी-पायरीने अनेक पातळ्या चढते आणि एकाच पातळीवर पोहोचण्याच्या अनेक वाटा निर्माण होतात. प्रत्येक वाटेचे बळ दर्शवणाऱ्या संख्यांना ‘मॅट्रिक्स घटक’ म्हणतात. अणुकेंद्राच्या आकाराची माहिती त्यांतच दडलेली असते. एका प्रयोगात अशा डझनावारी अज्ञात संख्या असू शकतात. हाती असतात ती केवळ गॅमा किरणांची मोजदाद आणि कण कोणत्या कोनात विखुरले याची नोंद.

कूलॉम उत्तेजनाच्या सिद्धान्ताची सविस्तर मांडणी आल्डर, बोर, हुस, मॉटेलसन आणि विंथर यांनी १९५६ मध्ये केली. पुढच्या दशकात विंथर आणि द बूर यांनी पायरी-पायरीच्या उत्तेजनाचे गणित संगणकावर आणले. मात्र त्यांची प्रणाली दिलेल्या मॅट्रिक्स घटकांवरून उत्तेजनाचे प्रमाण सांगत असे. संशोधकांना हवा होता तो उलटा प्रवास. १९८० मध्ये अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठात टोमाश चॉस्निका, डग्लस क्लाइन आणि चिंग-येन वू यांनी तो शक्य केला. ‘गोशा’ हे मुलीचे पोलिश भाषेतील लाडके नाव आहे. चॉस्निका हे मूळचे पोलंडचे.

ही प्रणाली आधी मॅट्रिक्स घटकांची अंदाजित मूल्ये घेते. त्यावरून कोणत्या कोनात किती गॅमा किरण मिळायला हवेत हे काढते आणि प्रत्यक्ष मोजणीशी ताडून पाहते. ‘किमान वर्ग’ पद्धतीने हा फरक कमीत कमी होईपर्यंत मूल्ये बदलली जातात. लक्ष्यातून जाताना झोताची घटणारी ऊर्जा आणि डिटेक्टरची क्षमता हेही त्यात धरले जाते. मिळालेल्या घटकांवरून आकार काढण्याची रीत कृष्ण कुमार आणि क्लाइन यांच्या नावाने ओळखली जाते.

प्रयोगाआधीची तालीम

हेच गणित प्रयोगापूर्वीही करता येते. त्वरकावरील वेळ मोजका असतो आणि तो मिळवण्यासाठी संशोधकांना तज्ज्ञ समितीपुढे प्रस्ताव मांडावा लागतो. कोणता झोत, किती ऊर्जा, लक्ष्य किती जाड, डिटेक्टर कोणत्या कोनात आणि किती तासांत पुरेशी मोजणी होईल, याची उत्तरे आगाऊ गणितातून मिळतात. अपेक्षित किरण फारच थोडे येणार असतील, तर आराखडा कागदावरच बदलता येतो.

नासपतीचा पुरावा

या साऱ्याचे मोल २०१३ मध्ये दिसले. युरोपातील ‘सर्न’च्या आयसोल्डे केंद्रात रेडॉन-२२० आणि रेडियम-२२४ या अल्पायुषी अणुकेंद्रांचे झोत प्रकाशाच्या सुमारे आठ टक्के वेगाने निकेल, कॅडमियम आणि कथिलाच्या लक्ष्यांवर सोडण्यात आले. ‘गोशा’च्या साह्याने केलेल्या विश्लेषणातून रेडियम-२२४ चा नासपतीसारखा आकार स्थिर असल्याचे, तर रेडॉन-२२० त्या आकाराभोवती केवळ दोलायमान असल्याचे निष्पन्न झाले.

विश्वात प्रतिद्रव्यापेक्षा द्रव्य इतके अधिक का, या कोड्याशी हा फरक निगडित आहे. त्याच्या उत्तरासाठी शास्त्रज्ञ अणूंमधील अतिसूक्ष्म विद्युत द्विध्रुव शोधत आहेत. तो असल्यास नासपतीच्या आकाराच्या अणुकेंद्रांत त्याचा परिणाम अनेक पटींनी वाढून दिसेल. या शोधासाठी रेडॉनपेक्षा रेडियमची समस्थानिके अधिक आशादायक असल्याचा संकेत या प्रयोगाने दिला.

भारतात दिल्लीच्या आंतर-विद्यापीठ त्वरक केंद्रात आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत पेलेट्रॉन त्वरक आहेत. दिल्लीच्या केंद्रात टेल्युरियमच्या समस्थानिकांवर कूलॉम उत्तेजनाचे प्रयोग झाले आहेत.

अंतिम निर्णय माणसाचा

‘गोशा’चे उत्तर आपोआप अंतिम ठरत नाही. मूल्यांचे एकाहून अधिक संच मोजणीशी जुळू शकतात. त्यामुळे वेगवेगळ्या अंदाजांपासून सुरुवात करून उत्तर तेच येते का, हे तपासावे लागते. ऊर्जापातळ्यांच्या आयुर्मानाची अन्य प्रयोगांत झालेली मोजमापेही आधाराला घेतली जातात. संगणक जुळणारे उत्तर शोधून देतो. ते निसर्गाचेच उत्तर आहे की केवळ आकड्यांचा योगायोग, हे ठरवण्याची जबाबदारी मात्र संशोधकाचीच राहते.