पहिला भाग, पुन्हा एकदा!

दोस्तांनो, निळ्या पोलीस-खोक्यात बसून काळाची सफर करणारा ‘डॉक्टर हू’ ठाऊक आहे ना? बीबीसीवरच्या त्याच्या पहिल्यावहिल्या कथेचे दिग्दर्शक होते वारिस हुसेन. जन्म लखनौचा! १९६३ साली ते अवघे चोवीस वर्षांचे होते. लंडनचा तो स्टुडिओही चिमुकलाच. चित्रीकरणात खोक्याचं दार काही केल्या नीट मिटेना, डॉक्टरही भलताच खडूस वाटला. नाट्यविभागाचे प्रमुख सिडनी न्यूमन म्हणाले, पुन्हा करा! (आमच्या वर्गात नुसतं शुद्धलेखन पुन्हा लिहायला सांगितलं, तरी काय चेहरे होतात!) हुसेननी अख्खा भाग नव्यानं चित्रित केला. तो २३ नोव्हेंबरला दाखवला गेला. पण आदल्याच दिवशी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली होती. मग पुढच्या शनिवारी दुसऱ्या भागाआधी पहिला पुन्हा दाखवला!