जीर्ण वस्त्रें आणि आपण

गीतेच्या दुसऱ्या अध्यायांत देहत्यागास जीर्ण वस्त्र टाकण्याची उपमा दिली आहे. वस्त्र टाकणें सोपें, हें त्यांत गृहीत आहे. परंतु कैलासवासी मातोश्रींचें लुगडें ट्रंकेंतून काढावयाची वेळ आली, म्हणजे तें किती कठीण हें कळतें. एकत्र कुटुंबांत तर थोरल्या भावास जी अडगळ, तींतच धाकट्या बहिणीस आई भासते.

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यांतील बायकांनीं यावर गोधडीचा तोडगा पूर्वींच काढला आहे. आजीचीं लुगडीं, आजोबांचीं धोतरें थरावर थर घालून धावदोऱ्यानें शिवलीं, कीं आठवण नातवंडांस ऊब देते. पुण्याच्या दिनकर केळकरांनीं दिवे, अडकित्ते, भांडीं जन्मभर जमविलीं. अकालीं गेलेल्या मुलाचें, राजाचें, नांव संग्रहास दिलें, आणि १९७५ सालीं तो सर्व शासनाच्या स्वाधीन केला. प्रिय वस्तु दुसऱ्याच्या हातीं सोंपविल्यानें पुत्राची स्मृति उणी झाली नाहीं. उलट त्याचें नांव परक्यांच्याही मुखीं आलें.

म्हणून सुज्ञ वाचकहो, पेटी उघडतांना आधीं सर्वांस बोलवावें, प्रत्येक वस्तूची हकीकत वडीलधाऱ्यांकडून वहींत उतरून घ्यावी, आणि मगच द्यावें, शिवावें वा राखावें. कसरीनें खाल्लेलें लुगडें कोणाचीच आठवण राखीत नाहीं.