आधी रकाना, मग आकडा

आमच्या सुरतेच्या कापडबाजारातील मुनीम वहीत रकाने आधी आखतो, मग आकडे मांडतो. रास्मुस लेर्डोर्फ यांनी १९९४ मध्ये आरंभिलेल्या पीएचपी या संगणकभाषेत मात्र वर्गाचे (वर्ग म्हणजे येथे इयत्ता नव्हे, वस्तूचा आराखडा!) गुणधर्म आधी न सांगताही चालून जाते. ग्रंथालयाच्या नोंदीत आम्ही एके ठिकाणी ‘शिल्लक’ऐवजी ‘शिलक’ लिहिले. यंत्राने निमूटपणे नवा गुणधर्म निर्मिला. खरी शिल्लक होती तेथेच राहिली. दोन दिवस आम्ही पुस्तके मोजीत बसलो! डिसेंबर २०२२ मधील ८.२ या आवृत्तीपासून अशा वेळी इशारा मिळतो. आता आम्ही वर्गाच्या आरंभीच गुणधर्माचे नाव आणि ‘पूर्णांक’ हा प्रकारही घोषित करतो. तेथे कोणी शब्द भरू पाहिल्यास यंत्र तत्काळ अडविते.