हरितपट्ट्यात गोठा बांधायचा तर…

इंग्लंडमध्ये शहरांभोवतीच्या हरितपट्ट्यात नवे बांधकाम सहसा मंजूर होत नाही. शेतीच्या इमारती मात्र याला अपवाद आहेत. जमीन 5 हेक्टर किंवा अधिक असेल, तर ठरावीक क्षेत्रफळापर्यंतचा गोठा, कोठार किंवा अवजारांची शेड पूर्ण अर्ज न करताही उभारता येते. काम सुरू करण्याआधी स्थानिक कौन्सिलला कळवावे लागते. जागा आणि बाह्यरूप तपासायचे की नाही, हे कौन्सिलने 28 दिवसांत सांगायचे असते. उंचीची मर्यादा 12 मीटर, पण विमानतळापासून 3 किलोमीटरच्या आत फक्त 3 मीटर. शेजारच्या वस्तीपासून 400 मीटरच्या आत गुरे बांधायची असतील, तर सहसा रीतसर अर्जच करावा लागतो.

खरी मेख आहे ‘शेतीसाठी वाजवी गरज’ या अटीत. राहते घर तर या सवलतीत बसतच नाही. सरी परगण्यातल्या एका शेतकऱ्याने पेंढ्याच्या गठ्ठ्यांची उंच भिंत रचून तिच्याआड बुरूजबंद घर बांधले आणि 2006 मध्ये गठ्ठे हटवले. चार वर्षांत कारवाई झाली नाही की बांधकाम सुटते, असा त्याचा हिशेब. पण गठ्ठे रचणे-हटवणे हाही बांधकामाचाच भाग ठरला, मुदत मोजलीच गेली नाही आणि 2016 मध्ये घर पाडावे लागले. एप्रिल 2024 पासून ही मुदत 10 वर्षांची झाली आहे.